आईच्या तिथीचं रक्तदान

बंगळुरात बसवनगुडीच्या नरसिंहरावांच्या घरी श्राद्धाला जेवढी पानं वाढली जात, त्याहून जास्त रक्ताच्या पिशव्या भरल्या जात. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको ऑपरेशनमध्ये गेली, कारण रक्त यायला दोन तास उशीर झाला. तेव्हापासून तिच्या तिथीआधीच्या रविवारी समाजाच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर असतं, आणि पहिली पिशवी घरच्या माणसाची. पासष्टी उलटल्यावर नरसिंहरावांचं रक्त घेईनात, तेव्हा तो मान मुलाकडे, रघुनंदनकडे आला.

या वर्षी त्या मानाची रघुनंदनला धास्ती वाटत होती.

शिबिराच्या बारा दिवस आधी बेळ्ळंदूरच्या ऑफिसनं त्याला हैदराबादला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथं ओळख झालेल्या एका बाईबरोबर तो एक रात्र राहिला. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. जवळ कंडोम नव्हता, आणि चार मजले उतरून औषधाच्या दुकानात जायचा या गृहस्थाला कंटाळा आला. कसल्या कसल्या आळसापायी माणसं आयुष्य पणाला लावतात, बघा. पाचव्या दिवशी त्यानं फोनवर वाचलं, की एचआयव्ही लागू नये म्हणून गोळ्या असतात, पण त्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. तेव्हापासून तो पाठदुखीचं निमित्त करून बाहेरच्या खोलीत चटईवर झोपायचा, आणि बायको, कावेरी, रोज संध्याकाळी त्याच्या पाठीला तेल चोळायची. तिचा हात लागला की त्याला रडू यायचं.

रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते, हे त्याला ठाऊक होतं. काही निघालं तर फोन येतो. म्हणजे तपासणीच्या रांगेत उभं राहायला नको, कुणी ओळखीचं भेटायला नको, आणि अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, मानही राहील. एका दगडात दोन पक्षी. दगड कुणाला लागेल, याचा विचार त्यानं केला नाही.

रविवारी फॉर्म भरायच्या टेबलावर कावेरीच बसली होती. आधी नवऱ्याचा फॉर्म घेऊन ती भराभर वाचत गेली.

"वजन तेच ना हो? कावीळ नाही, ताप नाही. गेल्या वर्षभरात जोडीदाराखेरीज कुणाशी संबंध..." तिनं वर न बघता 'नाही' लिहिलं आणि हसली. "काय काय विचारतात मेले. इथं स्वल्प, जरा, सही करा."

डोकं दुखतंय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यानं सही केली.

सोमवारी दुपारपर्यंत रक्तपेढीचा फोन आला नाही. पण मन चिंती ते वैरी न चिंती. अर्धी रजा टाकून, जे टाळायला एवढा खटाटोप केला तिथंच तो गेला, सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात. तिथल्या समुपदेशक दिव्यश्री यांनी कन्नडमध्ये सगळं विचारून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, याचंच त्याला बरं वाटलं. बोटातून थेंब घेतला, आणि अर्ध्या तासात निकाल आला, निगेटिव्ह.

"तेवढ्यावर जाऊ नका, सर," त्या म्हणाल्या. "तेराच दिवस झालेत. लागण झाली असली तरी इतक्या लवकर दिसत नाही. सहा आठवड्यांनी परत या, मग तीन महिन्यांनी. एकदाच संबंध आला तर बहुतेकांना लागण होत नाही, हेही खरं. पण तोवर घरी कंडोमशिवाय नको."

"रक्तपेढीच्या मशीनला तरी दिसेल ना?"

"सुरुवातीचे काही दिवस तिलाही दिसत नाही." त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "रक्त दिलंय का तुम्ही?"

"काल," तो म्हणाला.

"आत्ता फोन करा. माझी पिशवी वापरू नका, एवढंच सांगा. कारण सांगायची सक्ती नसते."

पिशवीचा नंबर कार्डावर होता, आणि कार्ड रिवाजाप्रमाणे आईच्या फोटोपुढे. घरी पोचला तेव्हा सात वाजले होते आणि नरसिंहराव फोटोसमोरच बसले होते.

"अण्णा, ते कार्ड स्वल्प हवं होतं."

"आत्ता कशाला रे? परवा तिथी. तोवर तिच्यापुढंच राहू दे."

"सरी, अण्णा. राहू दे."

नावावरूनही पिशवी सापडली असती, हे त्याला कळत होतं. पण रक्तपेढीतले लोक अकरा वर्षं अण्णांना ओळखत होते, नाव घेतलं की गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असती. उद्या सकाळी करू, असं त्यानं ठरवलं. कावेरीनं पानं घेतली. तो जेवला. चित्रान्न चांगलं झालं होतं, त्यानं परत मागून घेतलं.

मंगळवारी सकाळी अण्णा फिरायला गेल्यावर त्यानं कार्ड उचललं आणि गच्चीवर जाऊन फोन लावला. रक्तपेढीत मल्लाप्पा नावाचे जुने तंत्रज्ञ होते. त्यांनी नंबर पडताळून पाहिला.

"लाल पेशी आणि प्लाझ्मा इथंच आहेत, बाजूला काढतो. प्लेटलेट्स तेवढ्या गेल्या."

"कधी?"

"काल संध्याकाळी पावणेआठला. एका पेशंटला तातडीनं हव्या होत्या."

"पण तपासणी?"

"तपासणी निगेटिव्ह आली म्हणूनच तर दिल्या. का हो, काय झालं?"

पावणेआठला तो चित्रान्न परत मागत होता. दोन आठवडे ज्या शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, त्याच शब्दानं पिशवीला वाट करून दिली होती. आता कुठल्याशा खाटेवर, नावगाव माहीत नसलेल्या माणसाचे बहात्तर तास सुरू झाले होते, आणि त्यातले बारा संपले होते. कारण कळलं तरच त्याचे डॉक्टर गोळ्यांचा विचार करणार होते.

जिन्यावर पावलं वाजली. ओल्या कपड्यांची बादली घेऊन कावेरी वर आली. फोन ठेवून मग बोलता आलं असतं. काल संध्याकाळी त्यानं असंच 'मग' म्हटलं होतं.

"त्या पेशंटच्या डॉक्टरांना लगेच कळवा," तो फोनवर म्हणाला. या वेळी त्यानं थांबायचं नाही असं ठरवलं. "चौदा दिवसांपूर्वी मी हैदराबादला एका बाईबरोबर होतो. कंडोम नव्हता. फॉर्मवर खोटं लिहिलंय."

कावेरीनं बादली खाली ठेवली. पलीकडे मल्लाप्पा घाईघाईनं कुणाला तरी हाका मारत होते, ते फोनमधून तिलाही ऐकू येत होतं. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"ते 'नाही' माझ्या अक्षरात आहे," ती म्हणाली.