गोंताचा दिवा

दार उघडताच गार हवा अंगावर आली आणि शिगेहारु उंबऱ्यातच थबकला.

ऑगस्टमधली दुपार होती. बाहेर याइझू बंदराकडे जाणारा रस्ता तापून चकाकत होता. अशा वेळी दुसऱ्या कुणालाही ती हवा सुखाची वाटली असती. पण शिगेहारुचं अर्धं आयुष्य उणे साठ अंशांच्या गोदामात गोठवलेले ट्यूना मासे हलवण्यात गेलं होतं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तिथेच गळून गेली होती. घरात गारवा त्याला नको असायचा. आणि या खोलीत तर नकोच.

बूट काढायचं भान न राहता तो तसाच आत शिरला.

"अरे, आलास? फोन करायचास, न्यायला आले असते." त्याची थोरली बहीण कियोए कलिंगडाची ताटली घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "टाके दुखतायत का? आणि आधी बूट काढ बघू. घर आहे ना हे?"

"ताई, दिवा का बंद आहे?"

खोलीची एक भिंत अडवून मोठी लाकडी पेटी ठेवली होती. पुढून काच, तळाला गुडघाभर माती, एका टोकाला सपाट दगड आणि त्याच्यावर दिवा. दिवा बंद होता. दगडावर कुणी नव्हतं. गोंता, म्हणजे शिगेहारुने पाळलेला घोरपडीचा नर, समोरच्या कोपऱ्यात चपटा होऊन पडला होता. पोट फुगून तट्ट झालेलं, तोंडाच्या कडेला चिकट लाळ. काच सरकवली तशी नासलेल्या मासळीची घाण बाहेर आली.

फळीवरची तापमान मोजायची बंदूक उचलून त्याने दगडावर रोखली. आकडा आला तेवीस. तिथे साठाच्या आसपास हवा होता.

"काय खायला घातलंस याला?"

"घातलं ते चांगलंच घातलं. ट्यूनाचं पोटाकडचं मांस, चांगलं चरबीचं. बाजारात स्वतः निवडून घेतलं. बारीक चिरून दिलं, आईला द्यायचे तसं."

"मी झुरळं ठेवली होती! डबा भरून ठेवली होती कपाटात! जाताना तुला दाखवलं होतं!"

"झुरळं?" कियोएने ताटली आपटली. "तू विश्वासाने घर सोपवलंस आणि मी त्या बिचाऱ्याला झुरळं चारू? याइझूत राहून? चार लोकांना कळलं तर तोंडात शेण घालतील."

"कोण लोक? याला खायला झुरळं लागतात आणि बसायला तापलेला दगड लागतो. बाकी लोकबिक काही लागत नाहीत! दिवा कधी बंद केलास?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि रोज खायला घालत राहिलीस."

"खात होता ना तो! तोंडासमोर धरलं की खात होता. शेवटी शेवटी नको म्हणायला लागला, म्हणून मग हाताने—"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

घोरपडीच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पोटात गेलेलं पचवायचं तर ती बाहेरून घ्यावी लागते. नाही मिळाली तर अन्न पोटात पडून नासतं. शिगेहारुने हे तिला जाण्याआधी सांगितलं होतं. सकाळी दिवा लाव, संध्याकाळी बंद कर, एसी अठ्ठावीसवर ठेव, झुरळं दिवसाआड. एवढंच. हर्नियाच्या ऑपरेशनला जाणारा माणूस याहून सोपं काय सांगणार होता?

शिझुओका शहरात अशा प्राण्यांची एक डॉक्टर होती. शिगेहारुने फोन लावला. टाक्यांमुळे त्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून कियोएचीच छोटी गाडी काढावी लागली. गोंताला टॉवेलात गुंडाळून त्याने खोक्यात ठेवलं आणि खोकं मांडीवर घेतलं.

किल्ली फिरवल्याबरोबर कियोएने एसी लावला. त्याने बंद केला.

"शिगे, मरायला होईल रे. गाडी उन्हात उभी होती."

"याला ऊब पाहिजे."

"मग निदान खिडकी—"

"खिडकी नाही."

गाडी निघाली. पहिल्या सिग्नललाच कियोएच्या हनुवटीवरून घाम ओघळू लागला. तिचा हात पुन्हा एसीच्या बटणाकडे गेला. शिगेहारुने तो झटकला.

"आठवडाभर चैन केलीस ना गारव्यात? बास झाली आता."

"चैन? कारखान्यात जाताना एकदा आणि सुटल्यावर एकदा, रोज धावत यायचे तुझ्याकडे. दिवसभर माशांना धुरी द्यायची आणि संध्याकाळी तुझ्या त्या जनावराची उस्तवार करायची."

"उस्तवार! एक दिवा सांभाळता आला नाही तुला. एक बटण, ताई. तुला बटणं सोसतच नाहीत का? आईच्या खोलीत एसी बंद, इथे दिवा बंद. बटण दिसलं की बंद करायचं, एवढंच येतं का तुला?"

बोलून झाल्यावर त्याला आपलं बोलणं ऐकू आलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी कियोएच्या घरी, वरच्या खोलीत, उष्माघाताने आई गेली होती. तेव्हापासून दोघांनी तो विषय एकदाही काढला नव्हता. अंत्यसंस्काराच्या दिवशीही नाही.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. कियोएने गाडी पुढे काढली.

"आईच्या खोलीतला मी बंद केला नव्हता," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "तिनेच केला होता. रोज करायची. हाडं दुखतात म्हणायची, रिमोट उशीखाली लपवायची. दुपारी जेवायला घरी आले तर खोली भट्टीसारखी. ती झोपली होती. उशीखाली हात घातला असता तर जागी होऊन ओरडली असती. रोज ओरडायची. त्या दिवशी मला भांडायचा कंटाळा आला होता. मी बंद केला नाही, शिगे. मी फक्त चालू केला नाही."

तिने बाहीने डोळ्यांवरचा घाम पुसला.

"तोंड उघडं टाकून झोपली होती. धापा टाकत. तुझा हा पहिल्या दिवशी दिव्याखाली तसाच बसला होता. आ वासून, गळा हलवत."

"त्यांची रीतच असते ती. अंग तापलं की तोंड उघडतात, मग आपणच सावलीत जातात."

"मला काय माहीत?"

"मी सांगितलं असतं! फोन होता ना माझ्याकडे?"

"ऑपरेशन झालेल्या माणसाला फोन करून विचारू, की बाबा, तुझी पाल तोंड उघडते, काय करू?"

कियोएने गाडी हमरस्त्याला लावली. तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता, स्टिअरिंगवरचे हात ओले होऊन घसरत होते. एसीच्या बटणाकडे तिने परत बघितलं नाही. शिगेहारुला राग येत होता आणि तो राग तिच्या त्या ओल्या हातांवरही निघत होता. इतकं मुकाट सोसायची काय गरज होती? दुसरं कुणी असतं तर भांडून खिडकी उघडली असती.

डॉक्टर उरुशिबाता चाळिशीतली, तुटक बोलणारी बाई होती. तिने पोट चाचपलं, एक्स-रे काढला, सुई टोचली, कातडीखाली पाणी भरलं.

"मासा किती दिवस पोटात आहे?"

शिगेहारुने कियोएकडे बोट केलं. कियोएने सांगितलं.

"याच्यापेक्षा उपाशी ठेवला असता तरी चाललं असतं. महिनाभर राहिला असता." डॉक्टरने हातमोजे काढले. "आता खायला काही नाही. दिवा लावा, पण एकदम साठ नको, हळूहळू चढवा. एसी बंद. रात्रभर जपा. सकाळपर्यंत दगडावर चढला तर बघू."

"आणि नाही चढला तर?"

"मात्सुमुरासान," ती शिगेहारुला आडनावाने हाक मारत म्हणाली, "मी खोटी आशा लावत नाही."

घरी आल्यावर शिगेहारुने दिवा उंच बांधून लावला, एसी बंद केला, गोंताला दगडाशेजारी ठेवलं. टाके आता ठणकत होते. कियोए पेटीसमोर मांडी घालून बसली.

"तू घरी जा," तो म्हणाला.

"तू पड जा."

"तुला काय कळणार आहे त्याचं?"

"दिवा खाली घ्यायचा तेवढं कळतं. किती अंश झाले की, ते सांग."

त्याने सांगितलं आणि बंदूक तिच्या हातात ठेवली. माफी त्याने मागितली नाही. बोललं ते मागे घ्यावं असंही त्याला वाटत नव्हतं. शेजारच्या खोलीत पडल्यावर भिंतीपलीकडून बंदुकीचा बारीक टिक्‌ आवाज येत राहिला. कधीतरी त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. बंदराकडून लिलावाची घंटा ऐकू आली. पोटाला हात धरून तो उठला आणि दार सरकवलं. खोलीतली ऊब तोंडावर आली. नेहमीची ऊब. रोज गोदामातून आल्यावर तो या काचेपुढे हात धरून बसायचा, उरलेल्या बोटांत जीव परत येईपर्यंत.

कियोए तिथेच बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. दगडावर गोंता होता. चढला नव्हता, ठेवलेला होता. चारही पाय नीट पोटाशी घेतलेले, शेपटी दगडाच्या कडेने वळवलेली. तोंड मिटलेलं.

शिगेहारु तिच्याशेजारी बसला. बसायला वेळ लागला.

"कधी?"

"अंधार होता अजून."

"मला उठवायचंस."

तिने बंदूक दगडावर रोखली आणि आकडा बघितला.

"मग दिवा कशाला चालू ठेवलास?"

कियोएने बंदूक जमिनीवर ठेवली, तोंड त्याच्यापासून दुसरीकडे करून.

"बंद करवेना," ती म्हणाली.

शिगेहारुने हात लांब केला. बटण त्याच्याच बाजूला होतं. हात तिथपर्यंत गेला, थांबला, आणि मग काचेच्या आत दगडावर टेकला. दगड बरोबर तापला होता, हवा होता तितका.

"पाणी पी," तो चिडून म्हणाला. "आधी पाणी पी तू."