साधं तेल

मिलिटरीच्या वर्कशॉपमधून सुटून आल्यावर देवमनने अकोटच्या एसटी स्टँडजवळ टायर-ट्यूबचं दुकान टाकलं. हवा भरायला लिलावातून एक जुना कंप्रेसर आणला. यंत्र दणकट होतं, पण त्यावर हिरव्या रंगाचे थरावर थर. यंत्रावरच्या माहितीच्या पाटीवरचा रंग खरवडला, तर अक्षरंही सोबत निघून आली. मग तेल कोणतं घालायचं?

कापसाच्या जिनिंगचे जुने फिटर शेषराव म्हणाले, "ट्रकच्या इंजनात टाकतात थे भारी तेल टाक. भारी तेल मशीनले कधी बाधत नाही."

गावात त्यांचा शब्द शेवटचा. देवमनने तेच टाकलं.

मे महिन्यात एका बसचं चाक भरताना हवेच्या दाबाचा काटा अर्ध्यावरच अडकला. प्रवासी खाली उतरून ताटकळले. देवमनने यंत्राचं डोकं खोललं, तर व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर जळक्या तेलाचा कोळसा जमलेला.

"तेल तं भारीच होतं," तो घरी म्हणाला.

त्याची बायको मनकर्णा भाकरी थापत होती. "जवसाच्या तेलानं तवा चिकटते, तिळाच्यानं नाही चिकटत. तुमी तापवून काहून नाही पाहत?"

त्याने लोखंडी पत्रा चुलीवर ठेवला आणि तीन तेलांचे थेंब टाकले. एरंडेलाचा डिंक झाला. ट्रकच्या तेलाची काळी खपली धरली. साधं मशीनचं तेल मात्र जळून गेलं, फिकट डाग तेवढा राहिला. पण ते फार पातळ. उन्हाळ्यात टिकणारं नव्हतं. त्याच जातीचं जरा घट्ट, तीस नंबरचं तेल त्याने अकोल्याहून आणलं. व्हॉल्व्ह घासून बसवले. काटा सरसर चढला.

शेषराव आले तेव्हा दुकानात चार ड्रायव्हर बसलेले. देवमनने तो पत्रा पुढे केला. शेषरावांनी नखाने खपली उकरली.

"मी तुले चुकीचं सांगतलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

"मलेबी कुठं ठाऊक होतं, शेषरावजी."

"जिनातलं मोठं इंजन ज्या हवेनं चालू होते, त्या कंप्रेसरमंदी मी सात वर्सं हेच भारी तेल टाकून राहिलो. उद्या येतं का? खोलून पाहू."

दुसऱ्या दिवशी दोघांनी तो खोलला. आतला कोळसा खरवडता खरवडता दुपार झाली.