बू सुलतानच्या रायफलचं बटण

राजाभाऊ टिपणीसांना फटाक्यांचीसुद्धा भीती वाटायची. दिवाळीत लवंगी फटाका लावायचा तर ते उदबत्ती फूटपट्टीला बांधायचे आणि वात पेटली की फूटपट्टीसकट पळायचे. अशा माणसाच्या टेबलावर सत्त्याण्णव साली एके सकाळी चक्क रायफलचं काम येऊन पडलं.

दुबईत अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात मोहिद्दीन नावाच्या केरळी गृहस्थांचं वर्कशॉप होतं. दुकानांच्या पाट्यांची अक्षरं, शोकेसचे ब्रॅकेट, हॉटेलांतले मेनूचे स्टँड असलं काहीबाही तिथे बनायचं. राजाभाऊ तिथले डिझायनर. त्या सकाळी मोहिद्दीन एका उंच, किडकिडीत अरब म्हाताऱ्याला घेऊन त्यांच्या केबिनमध्ये आले.

"राजाभाय, ये बू सुलतान. अपना वर्कशॉप जिस अरब के नाम पे है, वो स्पॉन्सर का चाचा है, फुजैरा से आया. काम छोटा है, ना मत बोलना."

बू सुलताननी पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा सावरत खुर्ची घेतली. प्लास्टिकच्या पिशवीतून आधी एक बोटभर जाडीची टॉर्च काढली. तिच्या शेपटाकडून वायर निघाली होती आणि वायरच्या टोकाला रबरी चपटं बटण होतं. मग त्यांनी सिमेंटच्या गोणीचा एक लांबलचक कागद टेबलावर उलगडला. त्यावर कोळशानं काहीतरी गिरवलेलं होतं.

"ये क्या है?" राजाभाऊंनी विचारलं.

"बंदूक."

राजाभाऊंच्या हातातलं पेन पडलं. ते उचलायच्या निमित्तानं त्यांनी टेबलाखालीही एक नजर टाकून घेतली.

"बंदूक घर में है, रफीक," म्हातारबाबा म्हणाले; कुणालाही ते रफीक, म्हणजे दोस्त, म्हणायचे. "पुलिस का लायसन है. इधर लाना मना, इस वास्ते कागज पे रख के पूरा नाप का चित्र लाया."

बू सुलतानना मुंबईची हिंदी येत होती. तरुणपणी ते वडिलांबरोबर खजूर घेऊन जहाजानं मुंबईला जायचे. त्यांची अडचण अशी होती. फुजैराच्या डोंगराखाली त्यांची वाडी होती, वाडीत कोंबड्या होत्या आणि डोंगरात एक कोल्हा होता. तो दिवेलागणीला यायचा. टॉर्च त्यांनी रायफलच्या नळीखाली नीट बसवून घेतली होती, पण तिचं बटण सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं असल्यामुळे सारखं सरकायचं. हवं तेव्हा सापडायचं नाही आणि नको तेव्हा आपोआप दाबलं जायचं.

"एक दिन दरवाजे में बीवी के मुँह पर लाइट गिरा," ते गंभीरपणे म्हणाले. "दो दिन खाना नहीं मिला."

बटणाला पक्की बैठक हवी होती. अट एकच. रायफल वडिलांची होती, तिला भोक पाडायचं नाही, चरा उमटवायचा नाही.

राजाभाऊंच्या जिभेवर नकार तयार होता. पण अडचण ऐकली की त्यांची बोटं शिवशिवायची. पाच मिनिटांत त्यांनी पेन्सिल उचलली, दहा मिनिटांत कोळशाच्या चित्रावर मापं घ्यायचं व्हर्नियर ठेवलं. फक्त त्या वस्तूचं नाव त्यांनी तोंडून काढलं नाही. कॉम्प्युटरवर फाइल उघडताना तिला नाव दिलं 'स्टिक'.

खरा प्रश्न वेगळाच होता. बू सुलतानचा डावा अंगठा वाकत नव्हता, कधीकाळी त्यात मासेमारीचा गळ घुसला होता. म्हणजे बटण दाबायचं ते तर्जनीनं. पण पकड घेतल्यावर ती तर्जनी नेमकी येते कुठे? चित्रात काही हात काढलेला नव्हता. म्हातारबाबांना दुसऱ्या दिवशी, बुधवारी परत यायला सांगून राजाभाऊ घरी गेले आणि विचारात जेवले.

"अनुराधा, उद्या डब्यात कणीक दे," ते बायकोला म्हणाले.

"पोळ्या म्हणायचंय का?"

"नाही, नुसती मळलेली कणीक. घट्ट."

"किती जणांची?"

"एका हाताची."

अनुराधाबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस होते, वर्कशॉपच्या एसी बिघडलेल्या बसमधून नवरा येत होता. त्यांनी सकाळी घट्ट कणीक मळून दिली.

बुधवारी राजाभाऊंनी पँट्रीतून लादी पुसायचा वायपर आणला. त्याच्या दांड्याला कणीक थापली आणि तो दोन्ही हातांनी, मानानं बू सुलतानपुढे धरला. "जैसे वो पकडते हो, वैसे पकडो."

बू सुलतान उठून उभे राहिले. चष्मा नीट केला, 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि वायपर खांद्याला लावून डाव्या हातानं कणीक धरली. एक डोळा मिटून त्यांनी दरवाज्यावर नेम धरला. नेमका तेव्हाच दरवाजा उघडला आणि मोहिद्दीन एका हॉटेलच्या दोन साहेबांना घेऊन आत आले.

वायपरचं रबर मोहिद्दीनच्या कपाळासमोर होतं.

"राजाभाय, ये क्या चल रहा है?"

"मेजरमेंट," राजाभाऊ म्हणाले. "हिलना मत प्लीज, छाप बिगड जाएगा."

मोहिद्दीन आणि दोन्ही साहेब, तिघंही बिचारे छाप पूर्ण होईपर्यंत तसेच उभे राहिले.

दोन दिवसांत कणीक एसीत वाळून खडखडीत झाली. तिच्यावरून मापं घेऊन राजाभाऊंनी जी वस्तू बनवली ती पाहून त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. काळ्या नायलॉनच्या दोन अर्धगोल पट्ट्या, आतून मऊ चामडं, दोन स्क्रूंनी आवळल्या की लाकडाला घट्ट धरतील आणि चरा उमटणार नाही. वरच्या पट्टीवर बटणासाठी खोलगट वाटी, वाटीला उंच कड. आत बोट घातलं तरच बटण दाबलं जाणार, दाराला किंवा बाहीला घासून नाही.

ती त्यांनी घरी आणली. काळोखी खोली एकच होती, बाथरूम, तिला खिडकी नव्हती. राजाभाऊंनी घरच्या वायपरला चिंध्या गुंडाळून दांडा जाड केला, त्यावर बैठक आवळली, टॉर्च बांधली आणि दिवा बंद केला. लाइट लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय. फारच सुंदर. एवढ्यात अनुराधाबाईंनी दार ढकललं.

"अहो, काय करताय?"

"टेस्टिंग."

"वायपर खांद्याला लावून?"

"आत्ता तो वायपर नाहीये."

"मग काय आहे?"

राजाभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "रायफल," ते हळूच म्हणाले.

अनुराधाबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. मग सगळी हकिगत त्यांना सांगावीच लागली. बाहेरून अकरा वर्षांची वैभवी ओरडली, "आई, इज बाबा अ स्पाय?"

"नाही गं! बाबा फक्त बटण लावतायत!" अनुराधाबाई आतूनच म्हणाल्या.

सगळं ऐकल्यावर अनुराधाबाईंनी वायपर हातात घेतला, खांद्याला लावला आणि बटण दाबून पाहिलं. "बोटाला टोचतंय हो. ही कड गोल करा. त्या म्हाताऱ्या माणसाचं बोट सोलून निघेल."

कड गोल झाली. आणि पुढच्या शुक्रवारी तिघं आपल्या कोरोलात बसून फुजैराला निघाले, कारण बू सुलताननी बजावलं होतं की फॅमिली आणली नाही तर वस्तू घेणार नाही.

वाडीत जेवण इतकं झालं की वैभवी चटईवरच आडवी झाली. अनुराधाबाईंना बू सुलतानच्या पत्नी उम्म सुलतान आत घेऊन गेल्या आणि दोघी एकमेकींची भाषा न येता तासभर गप्पा मारत बसल्या. ऊन उतरल्यावर बू सुलतान घोंगडीत गुंडाळलेली रायफल घेऊन आले. राजाभाऊ चटईच्या पार टोकाला सरकले.

"खाली है?"

"खाली है."

"पक्का खाली है?"

"रफीक, वल्ला, खाली है."

"एक बार और देख लो ना."

बू सुलताननी पुन्हा उघडून दाखवली. मग राजाभाऊंनी श्वास रोखून, तापलेल्या तव्याला हात लावावा तसा त्या लाकडाला हात लावला. काही झालं नाही. बैठक मात्र लाकडावर अशी बसली, जणू त्याच्यासोबतच जन्मली असावी. बू सुलताननी टॉर्च पुन्हा नळीखाली अडकवून रायफल खांद्याला लावली, तर्जनी पुढे केली. बोट हवेतच. बटण चांगलं चार बोटं मागे राहिलं होतं.

राजाभाऊंनी वाकून हाताची पकड पाहिली. मग ध्यानात आलं. वायपर हलका, म्हणून म्हाताऱ्यानं तो जवळ धरला होता. रायफल जड, तिच्यासाठी हात पुढे जातो. सुदैवानं बैठक आवळायची होती, खिळ्याची नव्हती. स्क्रूड्रायव्हर घरी राहिला होता, तेव्हा एका दिरहमच्या नाण्यानं स्क्रू ढिले केले, बैठक पुढे सरकवली, पुन्हा आवळली. बोट बरोबर वाटीत उतरलं. लखकन उजेड पडला.

"माशाल्ला!" बू सुलतान ओरडले.

"अब गोली कब डालोगे?" राजाभाऊंनी भीत भीत विचारलं. "तब हम लोग अंदर बैठेंगे."

"कैसा गोली? इसका गोली बीस साल से मिलता नहीं."

राजाभाऊंनी कपाळाला हात लावला. एवढी कणीक, एवढं नायलॉन, एवढी धडधड! "फिर लोमडी का क्या करोगे?"

बू सुलताननी आवाज खाली आणला. "लोमडी को थोडा ही मालूम है?"

"तो फिर टॉर्च हाथ में पकडो ना, सीधा."

"हाथ में टॉर्च देख के वो हँसता है," बू सुलतान म्हणाले.

सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली, अंधारू लागलं. सगळे चटईवर गप्प बसले, अनुराधाबाईसुद्धा. खुराड्यापाशी काही हललं नाही. मग चटईच्या दुसऱ्या कडेला, चपला काढून ठेवल्या होत्या तिथे खसखस झाली.

"शूफ! देखो!" बू सुलताननी रायफल वळवली आणि बटण दाबलं.

उजेड असा पडला की एकेक केस मोजता यावा. कोल्हा उभा होता. लहानसा, मोठ्या कानांचा, छान झुबकेदार शेपटीचा. त्याच्या तोंडात राजाभाऊंची उजव्या पायाची सँडल होती.

"बाबा, ही लाइक्स युवर शूज!" वैभवी म्हणाली.

"शूफ, रफीक, शूफ! कितना साफ दिखता है!" बू सुलतानना आनंद आवरेना. "हिलता भी नहीं लाइट!"

कोल्हा अजिबात घाबरला नाही. त्यानं सँडल तोंडात नीट धरली आणि रमतगमत डोंगराकडे निघाला. बू सुलतान नेम धरून उजेड त्याच्यावर ठेवत राहिले, जणू त्याला वाट दिसावी म्हणूनच. तेवढ्यात खुराड्यातल्या कोंबड्याला वाटलं की उजाडलं, त्यानं जोरात बांग दिली. मग सगळ्या कोंबड्या कलकलाट करत बाहेर आल्या, आणि घराच्या दारातून उम्म सुलताननी अरबीत जे काही ऐकवलं ते भाषांतराशिवाय सगळ्यांना कळलं.

राजाभाऊ पोट धरून हसत होते. किती तरी वर्षांत असे हसले नव्हते. हसता हसता त्यांनी रायफल बू सुलतानच्या हातातून घेतली, दोन वेळा लाइट लावून पाहिला आणि मग एकदम भान येऊन ती घोंगडीवर ठेवून दिली.

परत येताना त्यांच्या पायांत बू सुलतानच्या चामडी वहाणा होत्या, दोन नंबर मोठ्या, त्यामुळे गाडी अनुराधाबाईंनी चालवली. उरलेली डावी सँडल ते वाडीतच टाकून आले होते.

मंगळवारी वर्कशॉपमध्ये फोन आला. बू सुलतानचा आवाज अभिमानानं भरून आला होता.

"रफीक, कल फिर आया! तुम्हारा लेफ्टवाला भी लेके गया. मैंने पूरा देखा, डोंगर तक! एक नंबर लाइट!"