नाकाकडची सावली

मित्रांनो, मी पेनाएवढी एक जुनी टॉर्च आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. वर्षाराणी सिस्टरांनी मला लातूरच्या गंजगोलाईतून आणलं, त्याला बारा वर्षं झाली. आता माझी खिशाला अडकवायची पट्टी तुटली आहे, अंगभर ओरखडे आहेत. दवाखान्यात मोठं यंत्र आल्यापासून तिथे मला कोणी विचारत नाही. पण खेड्यातल्या शिबिरात यंत्र येत नाही, मीच जाते.

संशय घेणं हेच माझं काम. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी थेंब घालून बाहुली मोठी करतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण काही डोळ्यांत पुढची जागा उथळ असते. तिथे बाहुली पसरली की तिच्याभोवतीचा रंगीत पडदा कडेला गोळा होतो, आतल्या पाण्याची वाट अडते आणि दाब चढून नजर कायमची जाऊ शकते. म्हणून सिस्टर मला कानशिलाकडून धरतात. उजेड नाकाकडच्या कडेपर्यंत पोचला तर ठीक. तिथे सावली राहिली तर मला शंका येते.

गेल्या हिवाळ्यात मुखेडजवळच्या गावात मोतीबिंदूचं शिबिर होतं. सिद्धम्मा आजींचा डावा डोळा आधीच गेलेला होता. उरलेल्या उजव्या डोळ्यात मला ती सावली दिसली. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय थेंब नाही, या खुणेची तांबडी चिकटपट्टी सिस्टरांनी त्यांच्या कपाळावर लावली आणि त्यांना वेगळ्या बाकावर बसवलं.

आजी माझ्याहून संशयी निघाल्या! बाकीच्यांना थेंब आणि आपल्याला नाही, म्हणजे ऑपरेशनसाठी नांदेडला जाणाऱ्या गाडीत आपल्याला घेणार नाहीत, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी पट्टी काढली, कपाळभर विभूती ओढली आणि गुपचूप थेंबांच्या रांगेत जाऊन बसल्या.

थेंब घालणारी पुनम कपाळं बघत पुढे सरकत होती. आजींच्या कपाळावर पट्टी नव्हती. तिने बाटली उघडली, आजींनी मान वर केली. मी सिस्टरांच्या खिशात होते.

तेवढ्यात सिस्टरांना तो बाक रिकामा दिसला.

"पुनम, थांब! आजी, पट्टी कुठंय?"

"इबूत लावायला काढली, माय. मला बी थेंब घाल. न्हाई तर मलाच ठिवून जाल."

"कुणी न्हाई ठेवून जात. डावा डोळा कशानं गेला तुमचा?"

आजींनी कपाळावरची विभूती पदराने पुसली.

"लाल झालता. डोकं फुटायलतं, वकाऱ्या झाल्या. समदे म्हणले, पित्त हाय. हे सांगितलं असतं तर परत धाडलं असतं की तुम्ही."

सिस्टरांनी मला पुन्हा धरलं. सावली तिथेच होती. आजींना गाडीत पुढची जागा मिळाली. नांदेडला डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला, पाण्याची वाट अरुंद असल्याचं पाहिलं आणि लेझरने त्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडलं. काही दिवसांनी पुन्हा तपासून मगच थेंब घातले, आणि ऑपरेशन नीट झालं.

मित्रांनो, माझे सेल वेळेवर बदलत जा. पण त्याआधी एक ऐका. घरात कोणाचा डोळा लाल होऊन डोकं ठणकलं, ओकाऱ्या झाल्या, तर पित्त म्हणून त्यांना निजवून ठेवू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

ऑपरेशननंतर उजव्या डोळ्याची पट्टी सोडली तेव्हा आजींना सिस्टरांचा चेहरा स्वच्छ दिसला. त्या खूप हसल्या. मग सिस्टरांनी तो डोळा झाकून मला डाव्या डोळ्यावर धरलं.

"लाव की बत्ती," आजी म्हणाल्या.

मी केव्हाची लागलेली होते.