माझ्यामुळे भिकाजीवर आलेला आळ

मी एक जुना डेक आहे, मित्रांनो. डेक म्हणजे घरापुढचा लाकडी सज्जा. आमच्या गावात असा शब्द कुणी वापरत नाही; पण जैनुद्दीनभाईंचं अर्धं आयुष्य जहाजांवर गेलं, म्हणून त्यांच्या तोंडी तोच बसला. आरे-वारेच्या वाटेवर, जांभ्याच्या चौथऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून मी पसरलेलो आहे. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. म्हणून ज्या दिवशी काहीच घडलं नाही, त्या दिवसापासून सुरुवात करतो.

गुरुवारची संध्याकाळ होती. जैनुद्दीनभाई माझ्यावर बसून मांजरीसाठी बांगड्याचे काटे काढत होते. शेजारी त्यांची मुलगी अजरा कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासत होती. माझ्या अंगावरच्या पॉलिशचे पापुद्रे निघाले होते, आणि त्यांना ते दिसत होते.

"रविवारी खरवडायला घेऊ गो," ते म्हणाले. "तू नुसता चहा आणून दे."

"बघू, अब्बा."

"बघू काय? चहा करतानाही परीक्षा घेणार माझी?"

ती हसली. मग तिने पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी सांगायचं होतं. पण तिने पुढची उत्तरपत्रिका ओढून घेतली. शुक्रवारी पहाटे अजान झाली, तरी जैनुद्दीनभाईंचं दार उघडलं नाही.

आता मागचं सांगतो. माझ्या सागवानी फळ्या आधी एका गलबताच्या होत्या. ते मोडीत निघालं, त्याच साली जैनुद्दीनभाई मस्कतहून कायमचे घरी आले. त्यांनी फळ्या बैलगाडीतून आणल्या, स्वतः रंधल्या, स्वतः ठोकल्या. अजरा तेव्हा दहावीत होती. माझ्यावर पालथी पडून ती पुस्तकं वाचायची. एकदा शाळेतल्या मैत्रिणींना तिने सांगितलं होतं, "आमचं घर बंदराला लागलेलं जहाज आहे." इतकी मोठी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

पाऊस संपला की माझी निगा सुरू व्हायची. जैनुद्दीनभाई दिवाळीपर्यंत मला नुसतं वाळू देत. मग काजूच्या टरफलांचं काळं तेल आणत, होड्यांना लावतात ते. ते कातडीला भाजतं, म्हणून आधी हातांना खोबरेल चोळत आणि चिंध्या गुंडाळत. गुडघ्यांवर बसून एकेका फळीला ते तेल पाजत. बावीस वर्षं मी ते प्यायलो. वाळवी माझ्याकडे फिरकली नाही. पण त्या तेलाला उग्र वास असतो, आणि चिंध्या बांधूनही त्यांची नखं महिनाभर काळी राहत.

मागच्या वर्षी अजरा विभागप्रमुख झाली. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना तिने शनिवारी जेवायला बोलावलं. तो वास आणि ती नखं तिला त्या दिवशी नको होती. तसं ती बोलली नाही. "अब्बा, तुमचे गुडघे दुखतात. यंदा माणूस आणू," एवढंच म्हणाली.

माणूस आला तो देवरूखचा भिकाजी. हॉटेलांच्या लाकडाला पॉलिश करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं ऐकून अजराने त्याला फोन केला होता. त्याने आधी डबा उघडलाच नाही. तांब्या मागितला आणि माझ्यावर चार ठिकाणी पाणी शिंपडलं. थेंब तसेच गोल उभे राहिले.

"बघा ताई," तो म्हणाला, "लाकूड पाणी पीत नाय. ह्याच्या पोटात तेल हाय. पॉलिश पण असंच वर बसंल. आधी थिनरनं धुवायला लागंल, घासायला लागंल. बारा दिवस तरी द्या."

"पाहुणे शनिवारी आहेत, भिकाजीभाऊ. आज बुधवार."

"थांब गो," जैनुद्दीनभाई म्हणाले. "तो कारागीर आहे. पाहुण्यांना चटया घालू."

"चटया? अब्बा, प्राचार्य येणार आहेत!"

भिकाजी जैनुद्दीनभाईंकडे बघत राहिला. "चाचा, मी हमी देत नाय हां," तो म्हणाला. "मी सांगते ना," अजरा म्हणाली. दोन दिवसांत मी आरशासारखा चमकायला लागलो. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं.

शनिवारी दुपारी ऊन तापलं आणि माझ्यावरचा थर मऊ पडला. खुर्च्यांचे पाय रुतले. मराठी शिकवणाऱ्या राजश्रीबाई हात टेकून खाली बसल्या होत्या. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या साडीवर तपकिरी पट्टा उमटला होता. "बाई, तुम्हाला जागा सोडत नाही!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. राजश्रीबाई हसल्या नाहीत.

"कोण हो हा रंगारी?"

अजराचा चेहरा लाल झाला. "अब्बांनीच कुठूनसा शोधून आणला," ती म्हणाली. "मी थांबा म्हणत होते. ऐकतात कुठे?"

जैनुद्दीनभाई सांदणांचं ताट घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ताट खाली ठेवून ते हसले आणि म्हणाले, "होय हो. म्हाताऱ्याचीच चूक." मग डाग काढायला खोबरेल आणायला आत गेले. तेवढ्या वेळात मी दुभंगून तिला गिळून टाकावं, असं अजराला वाटलं असेल. मलाही वाटलं. मी चिकट राहिलो नसतो, तर हे घडलं नसतं.

पंधरा दिवस ती त्यांच्याशी नेहमीसारखी बोलत राहिली. फक्त ते एक सोडून. मग तो गुरुवार आला.

जैनुद्दीनभाईंच्या जनाज्याच्या दिवशी शंभर पावलं माझ्यावरून गेली. पापुद्रे तळपायांना चिकटत होते. एक जण म्हणाला, "भल्या माणसाला फसवलान त्या रंगाऱ्यानं." भिकाजी देवरूखहून आला होता, फाटकाशी उभा होता. त्याने मान खाली घातली. खिडकीत उभ्या अजराने ते ऐकलं आणि पडदा ओढून घेतला.

मित्रांनो, लाकडाची निगा राखायला फार हुशारी लागत नाही. त्याला वाळायला वेळ द्या, आणि जाणता माणूस थांब म्हणाला तर थांबा. माझ्यावर नवा थर चढला म्हणून आतली बावीस वर्षं कुठे गेली नाहीत, हे मी जैनुद्दीनभाईंना सांगायला हवं होतं. मला तोंड नाही. पण ज्यांना आहे, त्यांनी ते वेळेवर उघडावं.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर अजराने भिकाजीला पुन्हा फोन केला. "बारा दिवस घ्या, वीस घ्या," ती म्हणाली. तो आला आणि माझ्या एका टोकापासून खरवडायला बसला. तिसऱ्या दिवशी राजश्रीबाई अजराला भेटायला आल्या. जनाज्याच्या दिवशी त्याला फाटकाशी पाहिलं होतं, म्हणून ओळखून थबकल्या.

"परत ह्यांनाच बोलावलंत?" त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण भिकाजीला ऐकू जाईल इतक्याच हळू. "तुमचे वडील भोळे होते. तुम्ही तरी चौकशी करायची."

भिकाजीने मान वर केली नाही. खरवडायचा पत्रा माझ्या फळीवर घासत राहिला, जरा हलक्या हाताने.

अजरा पायरीवर उभी होती. ती माझ्यावर उतरली आणि त्या दोघांच्या मधे येऊन थांबली.

"भिकाजीभाऊंनी पाणी टाकून दाखवलं होतं," ती म्हणाली. "अब्बांनीही थांब म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. भाऊंना मी आणलं होतं, अब्बांनी नाही. त्या दिवशी मी तुम्हा सगळ्यांसमोर खोटं बोलले, आणि अब्बांनी ते अंगावर घेतलं."

भिकाजीचा पत्रा थांबला.

अजरा राजश्रीबाईंकडे बघत नव्हती. ती दाराकडे वळली होती, जिथे त्या दिवशी जैनुद्दीनभाई ताट घेऊन उभे होते.

"चूक माझी होती, अब्बा," ती मोठ्याने म्हणाली. "तुमची नव्हती."