कडुलिंबाखालचा कायदा

मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे. माझ्या कडा मऊ पडल्या आहेत, बदामच्या राणीच्या नाकावर चहाचा डाग आहे आणि चौकटच्या गुलामाचा कोपरा एका शेळीने खाल्ला आहे. मित्रांनो, एवढं सोडलं तर मी धडधाकट आहे. मात्र मधले काही महिने मी बावन्न पानांचा नव्हतो, एकोणपन्नासांचा होतो. त्याचीच ही हकिगत.

मांजरसुंब्याच्या चौकातल्या एका टपरीवरून बिभीषणने मला विकत घेतलं आणि पालीला आणलं. बिभीषण आणि रामकिसन हे दोघे मेंढपाळ, लहानपणापासूनचे जिवलग. दुपारी मेंढरं धरणाकाठच्या कडुलिंबाखाली विसावली, की बिभीषण एका सपाट धोंड्यावर बसायचा, रामकिसन त्याच्या समोर, आणि तीन पत्ती सुरू व्हायची. पैसे कधीच नाहीत, चिंचोक्यांवर खेळ. गावातली माणसं मोबाइलवर पत्ते खेळू लागली तरी या दोघांनी मला सोडलं नाही, याचा मला केवढा अभिमान वाटे!

त्यांनी स्वतःचा एक कायदा केला होता. तीन पत्तीत तीन एक्के सगळ्यांत भारी आणि वेगवेगळ्या रंगांची दुर्री, तिर्री, पंजी सगळ्यांत हलकी. पण या झाडाखाली ती हलकी पानं तीन एक्क्यांना, आणि फक्त त्यांनाच, हरवत. "लई माजल्याला कुणीतरी उतरवाया पायजे का न्हाई बे?" असं म्हणून बिभीषणनेच तो काढला होता. हा कायदा गावात तिघांनाच ठाऊक होता. ते दोघे आणि मी.

काळतोंड्या नावाचा एक मेंढा होता. रामकिसनच्या मेंढीपोटी जन्मलेला, पण आई मेल्यावर बिभीषणच्या घरी बाटलीच्या दुधावर वाढलेला. तो पुढे चालला की मागचा कळप कधी भरकटत नसे. तो कुणाचा, यावरून दोघा मित्रांत धुसफूस चाले. शेवटी ठरलं, एका डावात निकाल लावायचा. रामकिसनने पानं उघडली. तीन एक्के! बिभीषणने आपली पानं पाहिली, तो हसायला लागला आणि हसता हसताच धोंड्यावरून कलंडला. छातीत कळ आली होती. पानं मुठीत तशीच राहिली.

त्याला शेवटची आंघोळ घालायच्या आधी त्याच्या बायकोने, मनकर्णाने, ती मूठ सोडवली. पानं न बघताच तिने फडक्यात बांधली आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली. तेराव्यानंतर रामकिसन काळतोंड्याला घेऊन गेला. तीन एक्क्यांच्या वर काही नसतं, हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

मेंढा गेला तशी मनकर्णाची मेंढरं तिला ऐकेनात. दोन कोकरं धरणाच्या गाळात रुतून मेली. तेव्हा एका दुपारी ती कडुलिंबाखाली आली.

"भावजी, मला पानं वाचाया शिकवा."

"कावून, वैनी?"

"त्यांच्या मुठीत काय हुतं ते मला बघायचंय. दुसऱ्यानं सांगितल्यालं नगं. मला कळल्याबिगर गाठ सोडायची न्हाई."

रामकिसनला नाही म्हणवेना. तो शिकवू लागला आणि ती भराभर शिकू लागली. जोडी म्हणजे जुळी कोकरं. कलर म्हणजे एका लोकरीची तीन मेंढरं. रन म्हणजे एकामागं एक चालणारी, आणि तीच एका लोकरीची असली तर पक्की रन. सगळ्यांच्या वर तीन सारखी, म्हणजे तिळी. "तिळी व्हय? जन्मात एकदाच बघितली मी," ती म्हणाली. अशी शिष्या मला आधी का नाही मिळाली, असं मला वाटून गेलं.

पहिल्याच दिवशी वाटताना रामकिसनचा हात सवयीने धोंड्याकडे गेला आणि तीन पानं तिथे पडली. मनकर्णाने ती उलटली. दुर्री, तिर्री, पंजी, तीन रंगांची.

"हे काय आलं, भावजी?"

"काय न्हाई. समद्यात हलकं."

खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

दुसऱ्या दिवशी धोंड्यावर पुन्हा दुर्री, तिर्री, पंजी. तिसऱ्या दिवशी त्याने मला सात वेळा पिसलं आणि तो धोंड्याकडे पाठ करून बसला. वाटून झालं तेव्हा धोंड्यावर तीन पानं होती, आणि तीच. मित्रांनो, पिसणारा हात त्याचा, काटणारा तिचा. मी काहीही केलेलं नाही. मी स्वतःच घाबरलो होतो. काळतोंड्या चरायचं सोडून धोंड्याकडे तोंड करून उभा होता. त्याची मान हलत होती आणि गळ्यातली घंटी वाजत नव्हती.

माझी तीन पानं कोणती कमी आहेत, हे रामकिसनला मोजून तेव्हाच कळलं असतं. त्याने मोजलं नाही. मला मात्र देवळीतल्या त्या पानांचं सगळं जाणवे. भर उन्हात ती गार पडत आणि कुणाची तरी बोटं त्यांना पुढेमागे सरकवत.

चौथ्या दिवशी मनकर्णा फडकं घेऊन आली. "आज समदं येतंय मला," म्हणत तिने गाठ सोडली. इस्पिकची दुर्री, बदामची तिर्री, किलवरची पंजी. जोडी नाही, कलर नाही, रन नाही.

"हलकीच हायती. हारले ते. मेंढा तुमचाच, भावजी. माझ्या मनात उगं पाप आलतं, माफ करा."

पानं धोंड्यावर ठेवून ती उठली आणि चालू लागली. रामकिसन धोंड्यावरच्या पानांकडे बघत होता. ती दहा पावलं गेली असेल.

"वैनी, थांबा! एक कायदा शिकवायचा राहिला."

त्याने सगळं सांगितलं. या पानांपुढे आपले तीन एक्के हरले आणि मेंढा बिभीषणचाच होता, हेही सांगितलं. मनकर्णा माघारी आली आणि तिने पानं पुन्हा हातात घेतली.

"म्हणून व्हय," ती म्हणाली, "आंगुळ घालताना बी हासतच हुते. मला वाटलं, मला टाकून चालले म्हणून हासत्यात." मग ती पहिल्यांदा रडली. तेवढ्यात घंटी वाजली. काळतोंड्या तिच्या मेंढरांपुढे जाऊन उभा राहिला होता.

आता मी पुन्हा बावन्न पानांचा आहे. मित्रांनो, खेळ संपला की पत्ते मोजून ठेवत जा, आणि कुणाला खेळ शिकवाल तर शेवटच्या कायद्यापर्यंत शिकवा. मनकर्णा आणि रामकिसन अजून दुपारी खेळतात. वाटताना तीन पानं धोंड्यावर ठेवतात आणि कुणी ती उलटत नाही. फक्त डाव संपल्यावर गोळा करताना ती हाताला गार लागतात.