पेडल वर आलं नाही

सकाळी नऊच्या सुमारास शार्दूल गॅरेजात शिरला तो हातात लोखंडी टामी घेऊनच. उमाकांतराव दुसऱ्याच एका गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली आणि पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

“दाजींचा पाय गेला! तुझ्या कामामुळं!”

दाजी म्हणजे हरिप्रसाद, शार्दूलच्या बहिणीचा नवरा. दोघं आळीपाळीनं ट्रक चालवत मिरजेहून चेन्नईला माल न्यायचे. या खेपेला चेन्नईलगतच्या माधवरमजवळ गिअरबॉक्स बिघडला. तिथं तंजावरकडचा मराठी मिस्त्री भेटला म्हणून शार्दूल केवढा खूश झाला होता! उमाकांतरावांनी गिअरबॉक्स उतरवला, दुरुस्त केला, काल संध्याकाळी परत चढवला. आज सकाळी गॅरेजमागच्या आवारात शार्दूलनं क्लच दाबला, सेल्फ मारला आणि ट्रकनं उडी घेतली. समोर हरिप्रसाद काच पुसत होता. बंपर आणि भिंत यांच्या मधे त्याचा पाय चिरडला. लोकांनी ट्रक मागं ढकलून त्याला सरकारी इस्पितळात नेलं होतं.

दुसरा फटका उमाकांतरावांनी हातावर घेतला.

“मग मारा,” ते धापा टाकत म्हणाले. “आधीं सांगा, क्लचचें पेडल वर आलें काय?”

“नाही. खालीच अडकलंय.”

“मग तशी गाडी कोणी चालूं करूं नये. चला.”

शार्दूलनं त्यांना कॉलरला धरून फरफटत आवारात नेलं. भिंतीवरचं रक्त अजून ओलं होतं. उमाकांतरावांनी ट्रकची किल्ली मागून घेतली, पाठीवर सरकत ट्रकखाली गेले, गिअरबॉक्सच्या पुढचं झाकण उघडलं आणि चांगला हात आत घातला.

“पेडल हातानें वर ओढा. पाय लावूं नका.”

शार्दूलनं केबिनमध्ये चढून ओढलं. पेडल सैल, निर्जीव वर आलं. खालून म्हातारा काहीतरी चाचपत होता. शार्दूलला एकदम हरिप्रसादची किंकाळी आठवली. त्यानं बूट पेडलवर हाणला.

खाली उमाकांतराव ओरडले. ते ऐकून शार्दूलला बरं वाटलं. त्यानं पुन्हा दाबलं.

मग बराच वेळ खालून आवाजच येईना. तो उतरून वाकला. उमाकांतरावांनी हात बाहेर काढला होता. दोन बोटं ठेचून लोंबत होती.

“क्लचचा फोर्क, तो दुबेळका दांडा, खुंटीवरून निसटला आहे,” ते म्हणाले. “पेडल दाबूनहि क्लच सुटलाच नाहीं. फोर्क धरायला मागें एक क्लिप असते. ती मी बसवली नाहीं. विसरलों.”

शार्दूलला वाटलं होतं, हा पार्टला नावं ठेवील, नाहीतर आपल्यालाच खोटं पाडील. त्यानं टामी उचलली. उमाकांतरावांनी डोळे मिटले. पण टामी हेडलाइटवर बसली, मग दुसऱ्या हेडलाइटवर, मग समोरच्या काचेवर. काचेचा चुरा अंगावर आला तरी तो हाणतच राहिला. शेवटी हात उचलेना तेव्हा तो तिथंच मातीत बसला.

“गाडी गिअरमध्ये होती,” तो म्हणाला. “मी न्यूट्रल बघितलाच नाही. दाजी समोर दिसत होते मला, काका. दिसत होते.”

उमाकांतरावांनी ठेचलेला हात छातीशी धरला. शार्दूलनं स्वतःचा शर्ट फाडून त्यांचा हात बांधला, त्यांना रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी हरिप्रसादचा पाय गुडघ्याखाली कापला. उमाकांतरावांचं एक बोट गेलं.

तिसऱ्या दिवशी हरिप्रसाद नीट शुद्धीवर आला. शार्दूलनं त्याला क्लिपचं सांगितलं, आणि मग न्यूट्रलचंही. हरिप्रसादनं सगळं ऐकून घेतलं. मग उशाजवळचा स्टीलचा पेला उचलून सगळ्या ताकदीनिशी त्याच्या तोंडावर फेकला. भुवई फुटली.

शार्दूलनं पेला उचलला, धुतला, पाणी भरून परत उशाशी ठेवला. हरिप्रसादनं भिंतीकडं तोंड फिरवलं. शार्दूल कॉटच्या कडेला तसाच उभा राहिला.